मीटलोफची अट रद्द

मी, खाली सही करणारी निवृत्त स्वयंपाकीण, वय बहात्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. दडपण आणण्याचे काम आजवर मीच केले.

१. माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. माझ्यासारखा मीटलोफ, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला खिम्याचा लोफ, जो करील त्याला राहते घर मिळेल, असे त्यात लिहिले होते. ते मी मुलाला, सुनेला आणि मुलीला जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवले होते आणि त्यात मला गंमत वाटली होती. आता ते वाक्य आठवले तरी मान खाली जाते.

२. रद्द करण्याचे कारण नोंदवते. गेल्या हिवाळ्यातल्या तापानंतर माझी चव गेली, वासही गेला. शाळेच्या उपाहारगृहात उभा जन्म काढलेल्या बाईने हे कोणत्या तोंडाने सांगायचे? म्हणून लपवले. मागच्या रविवारी तिघांना जेवायला बोलावले. खिम्यात कांदा, अंडे आणि दुधात भिजवलेला पाव मळून लोफ थापला. भाजताना वरून टोमॅटो सॉस, व्हिनेगर आणि साखरेचा लेप दोनदा दिला. तो आरशासारखा चकाकत होता. तिघांनी निमूट खाल्ले, मुलाने तर पुन्हा वाढून घेतले. मी खूश.

दुसऱ्या दिवशी वायरमन ओव्हनचे बटण बदलायला आला. त्याला एक काप दिला. पहिल्याच घासाला त्याने पाण्याचा ग्लास रिकामा केला. "काकू, साखर समजून मीठ घातलंत वाटतं. घरच्यांनी हे खाल्लं? मोठ्या मनाची माणसं हो तुमची."

मोठ्या मनाची नव्हे, धास्तावलेली. मला तेव्हा कळले.

३. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा, सून आणि मुलगी या तिघांना सारखी मिळावी. सुनेचा वाटा तिच्या स्वतःच्या नावे असावा. कोण काय शिजवतो याचा वाटणीशी काडीचाही संबंध नाही.

४. ओव्हन मुलीला द्यावा, तिला हवा असेल तरच. खिमा करण्याचे यंत्र नणंदेने उसने नेले आहे, ते परत मागू नये. "आणून दिलं की तू पातं तपासत बसशील," असे ती म्हणाली होती. आम्ही त्यावरून बोलणे टाकले. ती खोटे बोलत नव्हती.

५. काल तिघांना बोलावून सगळे सांगितले. कोणाकडे बघून बोलणे जमेना, म्हणून टेबलक्लॉथकडे बघून बोलले. मुलगा म्हणाला, "आई, आम्हाला वाटलं तू मुद्दाम खारट केलंस. कोण तोंड उघडतं ते बघायला."

आईच्या जेवणाबद्दल पोरांना असे वाटावे, ही माझी कमाई. मी माफी मागितली. सवय नसल्यामुळे ती धड मागता आली नाही. मुलगी उठून माझ्याजवळ येऊन बसली आणि उद्याच डॉक्टरांकडे जायचे म्हणून दटावू लागली. सून मात्र विचारात होती.

"आई, आता खरं सांगू?" ती म्हणाली. "मीटलोफ चांगला व्हायचा तेव्हाही कोरडाच असायचा. पाव कमी पडतो."

मुलाने तिच्याकडे असे पाहिले, जणू घर हातचे गेलेच. घर गेलेले नाही, हे वर कलम तीनमध्ये स्पष्ट केले आहे.

६. सबब, माझी कृती कोणीही जशीच्या तशी जपू नये. पाव दुप्पट घालावा. ही दुरुस्ती सुनेची असून ती मला मान्य आहे.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) निवृत्त स्वयंपाकीण

साक्षीदार: १. समोरच्या घरातली शिंपीण (सही)
२. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर (सही)

स्थळ: माझे स्वयंपाकघर, सून खिमा मळत असताना
दिनांक: ९ नोव्हेंबर