टेमरडोहातला दिवा

१२ नोव्हेंबर १९७८

पोहोचले एकदाची, आणि पहिल्याच दिवशी जागा आवडली! नागपूरला इतवारीत भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर जन्म गेला. सकाळी डोळे उघडायचे ते खालच्या ठोकाठोकीनं. इथं खिडकी उघडली की समोर नुसतं पाणी. बाबांना पत्रात काय लिहू, असं झालंय.

बस कोराडीपर्यंत नेहमीची. पुढे कोळशाच्या ट्रकांमागून राख खात दुसऱ्या बसनं आले. टेमरडोह धरणाच्या पाळीला लागूनच दवाखाना आहे. दोन खोल्या, एक व्हरांडा, मागे नर्सचं, म्हणजे माझं, क्वार्टर. तुळसाबाई म्हणून पन्नाशीची आया आहे. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, "एवढीशी पोरगी धाडली का वं सरकारनं!" मग स्वतःच हसली आणि झुणका-भाकर वाढली.

संध्याकाळी तिनं पाळीवर नेऊन दाखवलं. उत्तरेला पलीकडच्या काठावर हिरडी गाव. रस्त्यानं वळसा घ्यायचा तर नदीचं पात्र उतरून जावं लागतं, जीप असली तरी अर्धा दिवस मोडतो. सगळी ये-जा नावेनं. अंधार पडला तशी दक्षिणेला आभाळात तांबूस झाक दिसू लागली. कोराडीच्या वीजघराचा उजेड. पाण्यावर रात्र झालीच तर नाववाले तेवढ्या झाकीवर दिशा धरतात म्हणे.

उद्या इंजेक्शनांची कपाटं लावायची.

१७ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा हिरडीला जाऊन आले. नाव चंद्रभान हाकतो. पस्तिशीचा असेल, केस मात्र पांढरे. बोलत नाही. पाण्याच्या मधोमध गेल्यावर डाव्या अंगाला एक खाडीसारखी जागा दिसते. तिथं धरणात बुडालेल्या जंगलाचे खोडके अजून उभे आहेत, काळे, पानं नसलेले, शेकडो. काही वर निघालेत, काही वीतभर पाण्याखाली. मी हौसेनं म्हटलं, जवळून पाहू या. त्यानं ऐकलंच नाही असं दाखवलं.

चौदा बाया तपासल्या. परतताना सूर्य कलला तसा तो घाई करू लागला. मी विचारलं की रात्री अडलीनडली बाई असेल तर? नावेत कंदील नाही, भोंगा नाही, दिशा दाखवायचं होकायंत्र तर लांबच. तो म्हणाला, रात्री नाव जात नाही. एवढंच.

मी खात्याला अर्ज लिहिणार आहे. एक होकायंत्र आणि दोन चांगले कंदील मागायला काय हरकत आहे?

२ डिसेंबर

भैयाजींच्या घरी जाऊन आले. तलावाच्या मासोळीचा ठेका त्यांचा, नावा त्यांच्या, हिरडीत पक्कं घर एकच, तेही त्यांचंच. मुलगी वच्छला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. गोड पोरगी. माझा हात पोटावर ठेवला तशी लाजली. मूल पायाळू आहे. मी भैयाजींना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की हिला महिन्याभरात नागपूरला धंतोलीत मोठ्या दवाखान्यात हलवा, इथं धोका नको. ते म्हणाले, संक्रांत झाली की जीपनं नेतो. मोठ्या मनाचे वाटले. टोपलीभर संत्री दिली.

संत्री चंद्रभाननं नावेत ठेवून घेतली, पण एक दिलं तर घेतलं नाही.

९ डिसेंबर

आज तुळसाबाईनं सांगितलं. झोप येणार नाही म्हणून लिहून काढते.

पूर्वी दवाखान्याच्या घाटावर खांबाला रोज संध्याकाळी गॅसबत्ती टांगायचे. रात्रीच्या नावा तिच्या रोखानं येत. बत्ती भैयाजींची. गेल्या साली थंडीत चंद्रभानच्या बायकोला, जयवंताला, रात्री कळा सुरू झाल्या. मूल अडलं. चंद्रभाननं एका माणसाला अलीकडे धाडून नर्सबाईंना बोलावलं. माझ्या आधीच्या बाई नाही म्हणाल्या. रात्री पाण्यावर मी येत नाही, तिलाच घेऊन या. तो माणूस निरोप घेऊन परत गेला. मग चंद्रभाननं तिला नावेत घातलं आणि बत्तीचा रोख धरून निघाला.

पण तोवर बत्ती घाटावर नव्हती. भैयाजींनी ती काढून त्या बुडीत जंगलाच्या काठाला नेली होती. ठेक्याच्या हिशेबात न दाखवलेली चोरीची मासोळी ट्रकात भरायची होती तिथं. धुक्यात कोराडीची झाक नाही, काही नाही, एक दिवा तेवढा. नाव त्या दिव्याकडे गेली आणि खोडक्यावर फुटली.

काठावर भैयाजी होते, त्यांचे दोन गडी होते. हाका ऐकू येत होत्या. गडी नाव काढायला धावले तर भैयाजी म्हणाले, आधी माल भरा, बर्फ वितळून राहिला. ट्रक भरला, बत्ती विझवली, गेले.

चंद्रभान एका झाडाच्या बेचक्यात पहाटेपर्यंत बसून होता. ती जवळच कुठंतरी एका फांदीला धरून होती, पण अंधारात कुठं ते त्याला कळेना. मधूनमधून उतरून इकडं पोहला तर आवाज तिकडून यायचा. उजाडायच्या आधी आवाज थांबला.

पोलिसांत भैयाजींनी लिहून दिलं की माणसानं रात्री दिव्याबिगर नाव हाकली, दोष त्याचाच. आधीच्या बाईंनी बदली करून घेतली.

मी विचारलं, मग हा त्यांचीच नाव काहून हाकतो? तुळसाबाईनं दाराकडे पाहिलं. म्हणाली, "तो थांबून राहिला वं. कायले, ते मी नाही विचारलं."

२१ डिसेंबर

धुकं पडू लागलंय. संध्याकाळी पाळीवर उभी होते. पाण्यावरून बाईचं कण्हणं आलं. असला आवाज ओळखण्यात माझी चूक होणार नाही, सात वर्षं बाळंतपणाच्या खोलीत काढलीत. कळ येते, चढते, उतरते, मध्ये श्वास. तसंच. मी तुळसाबाईला हाक मारली, हिरडीहून कोणी बाई आणत असतील म्हणून खाट तयार केली.

नाव आली नाही. बुडीत जंगलाच्या बाजूला एक पांढरा दिवा मात्र दिसत होता.

तुळसाबाईनं खिडकी लावून घेतली.

२८ डिसेंबर

भैयाजींचे दोघे गडी मेले. तेच दोघे.

काल तिन्हीसांजेला जाळी काढून हिरडीकडे निघाले होते. धुकं अचानक उतरलं. हिरडीच्या काठावर लोक उभे होते, त्यांना आवाज येत होता. गडी आनंदानं ओरडत होते, "दिवा दिसून राहिला! आलो, आलो!" काठावर दिवा नव्हताच. लोक जीव तोडून सांगत होते की तिकडं जाऊ नका. आवाज लांब लांब गेला.

आज सकाळी दोघे सापडले. बुडालेले नव्हते. दोन झाडांच्या दोन बेचक्यांत बसलेले होते, गुडघे पोटाशी घेऊन, पाण्याच्या वर, अंग कोरडं. तोंडं उघडी. छाती दाबून पाहिली, फुप्फुसात पाणी होतं.

मला वाटलं होतं की दिवा चंद्रभान लावत असेल. पण काल त्या वेळी तो माझ्यापुढे व्हरांड्यात बसला होता. वल्ह्यानं फाटलेला तळहात मी शिवत होते. पलीकडून ओरडणं आलं तेव्हा हात जरासुद्धा हलला नाही त्याचा. सुई टोचतानाही नाही. डोळे मिटून ऐकत होता. गाणं ऐकावं तसा.

५ जानेवारी १९७९

न राहवून चंद्रभानला विचारलं. तो म्हणाला, "मी काई नाही केलं बाई. तिचं तीच करून राहिली."

मग म्हणाला की तुम्ही रात्री पाण्यावर येऊ नका. तिले माणसं दिसत नाहीत. नर्सबाईची पांढरी साडी तेवढी दिसते.

खात्याचं उत्तर आलं. होकायंत्राची तरतूद नाही.

वच्छलाला आताच हलवा म्हणून मी भैयाजींना निरोप धाडला. उत्तर आलं की जीप नागपुरात दुरुस्तीला आहे, संक्रांतीनंतर नक्की.

१३ जानेवारी

दिवे लागायच्या वेळेला भैयाजी स्वतः आले. पायात एकच चप्पल. वच्छलाला दुपारपासून कळा आहेत, पाणी गेलंय, बाळाचा पाय बाहेर आलाय. जीप अजून नागपुरातच. नावा न्यायला कोणी तयार नव्हतं, एकटा चंद्रभान हो म्हणाला. उजेडात पार झाले. आता परत जायचं तर अंधार, आणि धुकं असं की व्हरांड्याची पायरी दिसत नाही.

भैयाजींनी माझे पाय धरले. एवढा माणूस, पोरीसाठी लहान मुलासारखा रडत होता. तुळसाबाई मला मागे ओढून म्हणाली, "जाऊ नको वं माय, त्याच्या पापात तू काहून मरतं?"

पण वच्छलानं काय केलंय? मी नाही म्हटलं तर मीही त्या आधीच्या बाईंसारखीच. एक अडलेली बाई गेली, आता ही दुसरी.

चंद्रभानला विचारलं, रात्री नाव जात नाही ना? तो म्हणाला, "आज जाते."

मी पांढऱ्या साडीवर तुळसाबाईचं काळं घोंगडं घेतलंय. सामान उकळून पिशवीत भरलं. वही त्यातच टाकते.

१३ जानेवारी, नावेत

थांबलो आहोत. बॅटरीच्या उजेडात लिहिते. लिहिलं की धीर धरवतो.

कोराडीची झाक निघाल्यापासून एकदाही दिसली नाही. बॅटरी मारली की पांढरी भिंत. पुढे की मागे, कळत नाही. नाव वळते आहे की सरळ, तेही नाही. भैयाजी सारखे म्हणत होते की उजवीकडे घे, नाही डावीकडे. एव्हाना हिरडीचा घाट यायला हवा होता.

मग चंद्रभाननं दोन्ही वल्ही आत घेतली आणि मांडीवर ठेवली.

भैयाजींनी शिव्या दिल्या. मग हात जोडले. चंद्रभान शांतपणे म्हणाला, "तिनं तुमाले आवाज देला होता भैयाजी. आता तुमी द्या. पाहू कोन येते."

भैयाजी ओरडत आहेत. घसा फाटेस्तोवर.

कोणी ओ देत नाही.

—

दिवा दिसतो. पांढरा, पाण्यापासून पुरुषभर वर. भैयाजी म्हणतात, घाट आला, आमच्याच घराची बत्ती ती. नावेखाली काहीतरी खरवडलं. मी म्हटलं, खोडके आहेत हे, उतरू नका.

ते उतरले.

पाणी घोट्याएवढंच होतं. चार पावलं चालत गेले, पोरीचं नाव घेत. मी वाकून पाहिलं, नावेशी तळ नव्हता. बॅटरीचा उजेड खाली खाली गेला. मग ते ज्यावर चालत होते ते —

ओरडणं अर्धंच आलं.

चंद्रभान हसला नाही. रडला पण नाही. टोपी काढून फळीवर ठेवली. मी त्याचा सदरा धरला, म्हटलं तू गेलास तर मी कशी जाऊ, वच्छलाचं काय. तो म्हणाला, आता मले ती कुठं आहे ते कळलं. आवाज न करता पाण्यात उतरला. कितीतरी वेळ पोहण्याचा आवाज येत होता. एकाच दिशेनं.

—

वल्ही माझ्याकडे. वळवता येत नाही नीट.

कण्हणं सुरू झालं. समोरून.

नाही. मागूनही. दोन आवाज आहेत. दोघींना कळा. एक चढते, दुसरी उतरते. एक वच्छला असणार. हिरडी जवळ असणार. कुठली पण? कुठली?

देवा, एकीकडे जाते तर दुसरीकडून बाई, बाई म्हणून हाक येते.

—

घोंगडं पाण्यात पडलं. साडी दिसते.

दोन्ही आवाज थांबले.

—

एकच आता. समोरून. वच्छलाच. तशीच बारीक, लाजरी. वल्हवते आहे. दिवाही तिकडेच. माणसं असतील, बत्ती घेऊन आली असतील —

—

कोणी बाई आहे दिवा धरून. जवळ. पदर ओला. मी विचारलं, वच्छला कशी आहे?

ती म्हणते, वच्छला कोन?

म्हणते, मीच अडली जी, बाई. माणूस धाडला होता. तुमी आल्या नाही.

नावेचा काठ धरलाय. मी सांगते आहे, मी ती नव्हे. ती बाई गेली बदलून. मी सुमती, मी तर नोव्हेंबरात आ