बैलाच्या खांद्यावरच्या रेघा

दि. ६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. आ. वि. वि. पत्र पाहून दचकू नकोस. फोनच करणार होते, पण हल्ली फोन वाजला की आप्पा कान देऊन बसतात, आणि मला बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दलच.

बातमी अशी की आपल्या गोठ्यावर गुन्हा दाखल झाला आहे. गाडीवाल्याचा पांढरा बैल तुला आठवत असेल. त्याचा पुढचा उजवा पाय टेकेना, खांदा धरलेला. गाडीवाल्याने आणून बांधला आणि नेहमीसारखा डाग दिला गेला. तापलेली सळई आणि खांद्यावर रेघा, आप्पांच्या वडिलांपासून चालत आलेलं. नेमक्या त्याच वेळी शाळेतल्या नव्या बाई रस्त्याने चालल्या होत्या. त्यांनी हंबरडा ऐकला, दुसऱ्या दिवशी गाडीवाल्याच्या दारात रेघा पाहिल्या आणि सरळ जाऊन तक्रार केली. जनावराला निर्दयपणे वागवायचं नाही असा कायदा आहे म्हणे. पण म्हणे कशाला म्हणू, तू तर तो परीक्षेसाठी पाठ केला होतास.

हवालदार आला. डाग कुणी दिला असं त्याने विचारलं, तेव्हा गाडीवाला माझ्याकडे बघायला लागला. मी हातातली बादली ठेवून पुढे होते आहे, तोवर आप्पा खाटेवरून उठले आणि आपणच दिला म्हणाले. हवालदाराने तसं लिहून घेतलं. गाडीवाल्यानेही मुकाट मान डोलावली.

तुला म्हणून सांगते, डाग मी दिला. आप्पांनी सळई खाली ठेवल्यापासून या गोठ्यात जेवढे डाग पडले ते सगळे माझ्या हातचे. लोक मात्र बाहेर जाऊन सांगतात की आप्पांच्या हाताला गुण आहे. निखारे फुंकून डोळे लाल करायचे मी, लाथा खायच्या मी, आणि गुण त्यांच्या हाताला! निदान गुन्हा तरी माझ्या नावावर राहील असं वाटलं होतं, तोही त्यांनी पळवला. तू हस खुशाल, माझ्या अंगाची मात्र लाही लाही होते आहे.

तुझ्या दवाखान्यातल्या मुक्या मंडळींना माझी आठवण सांग. माया आहेच, आज जरा करपली आहे, तेवढी सांभाळून घे.

तुझी,
अक्का


दि. ११ फेब्रुवारी

ती. अक्का हिस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र यायच्या आधी तुझा बैलच आला. निकाल लागेपर्यंत त्याला आमच्या सरकारी दवाखान्यामागच्या छपरात ठेवायचा हुकूम आहे, आणि तपासणीचा कागद नेमका माझ्या टेबलावर. माहेरचं प्रकरण म्हणून मी तो साहेबांकडे दिला. त्यांनी तपासलं, सही केली. जखमा धुवायचं काम मात्र माझ्याकडेच आलं.

चिडू नकोस अक्का, पण कातडी पार आतपर्यंत भाजली आहे. दोन रेघांत पू झाला होता. मी धूत होते तेव्हा तो सबंध थरथरत होता आणि तरी त्याने मला शिंग लावलं नाही. हे बरं नाही. कायदा पाठ केला म्हणून नव्हे, त्याचं थरथरणं माझ्या हाताला लागलं म्हणून सांगते. सूज उतरायला इंजेक्शन असतं, मलम असतं. भाजायची काही गरज नाही.

पण लिहायला बसले ते याच्यासाठी नाही. रेघा पाहिल्या आणि ओळखलं की हा आप्पांचा हात नव्हे. मागच्या खेपेला त्यांना चहाची बशी तोंडापर्यंत नेता येत नव्हती. या रेघा कशा सारख्या अंतरावर, कुठे फाटलेल्या नाहीत, कुठे घसरलेल्या नाहीत. खरं तर मला आधी बैलाची दया यायला हवी होती. आधी तुझा हेवा वाटला.

लहानपणी मी निखाऱ्यांजवळ आले की आप्पा मला हाकलायचे, आत जाऊन अभ्यास कर म्हणायचे. तुला मात्र जवळ बसवून, तुझ्या हातावर हात ठेवून सळई धरायला शिकवायचे. मी खिडकीतून बघत बसायची. माझ्या हातावर त्यांनी कधी हात ठेवला नाही. आणि आता तुझ्यासाठी ते या वयात कोर्टात उभे राहणार! माझ्या पदवीदानाला यायला त्यांना गोठा सोडवला नव्हता. माझ्या पोटात दुखतं आहे ते असं.

तरी सांगते, त्यांना तिथे उभं करू नकोस. त्यांच्या छातीचं दुखणं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिथे काही झालं तर आपण दोघी कुणाला तोंड दाखवायचं?

लोभात वाटेकरी नको वाटतो हे मलाही आता कळलं. तरी माझा वाटा तेवढा राखून ठेव.

तुझी,
धाकटी


दि. १८ फेब्रुवारी

चि. डॉक्टरीणबाईंस,

अ. आ. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. तू माझा हेवा करतेस! हातावर हात ठेवला म्हणतेस, त्या हातावरचे चट्टे कधी नीट पाहिलेस का? तुझ्या हातांना साबणाचा वास येतो. इथे कुणीही आलं आणि बाकावर टेकलं की आप्पा पहिल्यांदा तुझा फोटो काढून दाखवतात, तो काळ्या झग्यातला. मी तेव्हा समोरच शेण काढत असते. ही माझी मोठी, एवढंही कुणाला सांगत नाहीत. सांगायचं कशाला, मी दिसतेच आहे.

तुला खिडकी मिळाली आणि त्या खिडकीत बसून तू पुस्तकं वाचलीस. आई गेल्यावर गोठ्यात कुणीतरी यायला हवं होतं आणि तू लहान होतीस, म्हणून मी शाळा सोडून आले. हे मी आजवर तोंडातून काढलं नव्हतं. तू माझ्या लाडाचा हिशेब मांडलास म्हणून काढते.

पू झाला म्हणतेस. होतो कधी कधी. पण गाडीवाल्याचा याआधीचा बैल इथूनच चालत गेला. भाजीवाल्याची गाय गेली, वीटभट्टीवरचे कितीतरी बैल गेले. ते कशाने बरे झाले ते तुझ्या पुस्तकात शोध. डाग वाईट म्हण, कायद्याबाहेरचा म्हण, पण त्याला गुण नाही असं म्हणू नकोस. माझ्याजवळ तेवढंच आहे.

आप्पांशी बोलले. म्हटलं, मी जाऊन खरं काय ते सांगते. तर ते इतके भडकले की खोकल्याची उबळ आली. मला गप्प बस म्हणाले, तुला काय कळतं म्हणाले, या गोठ्याचा डाग माझाच आहे म्हणाले. मला वाचवायचं असेल तर वाचवोत बापडे, पण वाचवताना माणूस जरा गोड बोलतो की नाही? सुनावणी तीन मार्चला, तुझ्याच शहरातल्या कोर्टात. त्यांना घेऊन येते, कारण ऐकायला ते तयार नाहीत. त्यांच्या छातीच्या गोळ्या माझ्या पिशवीत असतील. तू मागच्या बाकावर बस आणि बघ मजा.

राग या कागदावर ठेवला आहे. उरलेलं सगळं तुझंच.

तुझी,
अक्का


दि. ५ मार्च

ती. अक्का हिस,

शि. सा. न. वि. वि. कोर्टातून तू माझ्याकडे न बघता निघून गेलीस, म्हणून लिहिते.

न्यायाधीश मला भले वाटले. म्हातारा माणूस, जुनी पद्धत, पुन्हा करू नका, अशी समज देऊन ते सोडायच्या बेतात होते. आप्पांनी नुसती मान हलवली असती तरी सगळं तिथेच मिटलं असतं. पण ते बोलत सुटले. अशी सरळ रेघ ओढणारा दुसरा हात या भागात नाही म्हणाले. आपला हात अजून हलत नाही म्हणाले. आपल्या वकिलाने कपाळाला हात लावला. मग सहीसाठी पेन पुढे केलं, तर ते कागदावर टेकेचना. टेकलं तेव्हा सही अशी पसरली की कारकुनाने दुसरा कागद घेतला आणि अंगठ्यासाठी शाईची डबी उघडली.

तेव्हा तू उठलीस. आधी मला वाटलं, त्यांची दया येऊन उठलीस. पण तुझा आवाज मी जन्मापासून ऐकते आहे. त्या रेघा माझ्या आहेत, हे तू ज्या तोऱ्यात सांगितलंस ना, त्यात दयेचा मागमूस नव्हता. शाळेत तुझ्या चित्रावर दुसऱ्याचं नाव पडलं की तू अशीच उठायचीस. न्यायाधीशांनी त्यांचा हात पाहिला, तुझा पाहिला आणि दंड तुझ्या नावावर लिहिला. अभिनंदन! नाव लागलं एकदाचं.

तुझी पाठ होती म्हणून तुला आप्पांचं तोंड दिसलं नाही. मला दिसलं. लेकीला वाचवायला आलेल्या माणसाचं ते तोंड नव्हतं, भर बाजारात पगडी उडालेल्या माणसाचं होतं. अक्का, ते तुला वाचवत नव्हतेच. आपण दोघी उगाच एकमेकींवर जळत बसलो, आणि ते तुझ्यावर जळत होते. तुझ्या हातावर.

हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. उलट आणखीच खुपलं. आप्पांनी जळावं असं माझ्याजवळ काहीच नाही.

बैलाने पाय टेकला. काल छपरात फेऱ्या मारत होता. हे मात्र माझ्या इंजेक्शनचं काम, त्याच्यावर हक्क सांगायला येऊ नकोस. आप्पांच्या छातीकडे लक्ष दे.

भांडणापुरती का होईना, आठवण काढत जा.

तुझी,
धाकटी


दि. २४ मार्च

चि. धाकटीस,

अ. आ. वि. वि. तू लिहिलंस ते खरं निघालं. कोर्टातून आल्यापासून आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. ताट घेतात आणि भिंतीकडे तोंड करून जेवतात. मीही बोलले नाही. आपल्या घरात अबोला धरण्यात कुणी कुणाला हार जात नाही.

परवा गाडीवाला बैलाला नुसत्या दोरीने धरून दारावरून नेत होता. बैल सरळ चालत होता, जराही लंगडत नव्हता. मी फाटकात जाऊन म्हटलं, शेवटी माझ्या डागानेच गुण दिला. तो म्हणाला, डॉक्टरीणबाईंच्या इंजेक्शनने दिला. झालं, आमची जुंपली. मी आवाज चढवला, त्याने चढवला, आणि मागून आप्पा बोलले. म्हणाले, दोघंही उगाच ओरडताय. महिनाभर त्याच्या मानेवर जू पडलं नाही, म्हणून तो चालतो आहे.

गाडीवाला गेल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. मग ते सांगायला लागले. खांदा धरलेल्या जनावराला फक्त विश्रांती लागते. मालकाला नुसतं तसं सांगितलं तर तो हो म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी गाडीला जुंपतो. डोळ्यांसमोर भाजलेलं दिसलं, आणि जखम सुकायच्या आत जू लावलंस तर बैल दगावेल असं बजावलं, म्हणजे ऐकतो. त्यांच्या वडिलांनी त्यांना हे सांगितलं होतं. डाग जनावरासाठी नव्हताच, म्हणाले, मालकासाठी होता.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं मी हंबरडे ऐकले ते कशासाठी? ते म्हणाले, ज्याला हे कळतं त्याची रेघ सरळ येत नाही. तुझी येत होती. मला रोज बघवत नव्हतं.

मला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं, पण बैलाचा डोळा आठवत राहिला. डाग देताना मी त्याच्या डोळ्याकडे कधी बघत नसे, रेघेकडे बघत असे. तरी कुठेतरी पाहिला असणार.

मग आप्पा म्हणाले, हे धाकटीला लिही. तिच्याकडे सरकारी शिक्का आहे. लंगडं जनावर आलं की औषधाबरोबर कागदही दे म्हणावं, अमुक दिवसांच्या आत जू लावलं तर गुन्हा होईल असा, आणि त्यावर शिक्का मार. भाजल्याला घाबरायचे तसे लोक शिक्क्याला घाबरतील. म्हणजे बघ, सगळा जन्म मी या माणसाच्या शेजारी काढला, आणि त्याने मनातलं काढलं ते तुझ्यासाठी. मी निरोप्या! लिहायचंच नाही असं ठरवून दोन दिवस बसले होते. आज वीटभट्टीवाला लंगडा बैल घेऊन आला आणि सळई तापव म्हणाला. मी त्याला तुझ्याकडे पाठवते आहे. हे पत्र त्याच्याच हाती द्यायचं, म्हणून लिहिते. त्याला कागद दे, आणि शिक्का चांगला दाबून मार.

पण एक लक्षात ठेव. एवढी एकच गोष्ट तुझ्या आधी मला कळली.

माया कमी झालेली नाही, तूही होऊ देऊ नकोस. अक्षर वाकडंतिकडं आलं आहे ते लावून वाच. परवापासून हात स्थिर राहत नाही.

तुझी,
अक्का