काशीचा पाय

करंजाडे,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. शिवाकाकांस,
नमिताचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे ठीक आहोत. फोन केला की हितेशदादा माझं बोलणं तुमच्या कानात ओरडून सांगतो आणि निम्मं गाळतो. त्यात तुमच्या कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं. म्हणून म्हटलं, आपल्या घरची जुनी पद्धत बरी.

बातमी मोठी आहे. आमच्या कंपनीनं तुमच्या काशीची सहाही पुस्तकं नव्यानं काढायचं ठरवलंय. जुने प्रकाशक गेले, हक्क तुमच्याकडेच आहेत, म्हणून परवानगीचा कागद सोबत ठेवला आहे. आणि काका, चित्रं काढायला दिली आहेत मला! माझ्या मॅनेजर शर्मिला मॅडमनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं तेव्हा मला रडूच आलं. मी हातात पेन्सिल धरायला शिकले ती तुमची काशी गिरवून.

पण नव्यानं म्हणजे नुसती छपाई नाही. काशीचा सगळा लूक बदलायचाय. परकर जाऊन पिवळी हूडी येणार, अनवाणी पायांत लाल बूट, डोळे बशीएवढे, रंग दोन छटा उजळ. मिठागर जाऊन खाडीवरचं पक्ष्यांचं पाणथळ येणार, कारण मिठागर म्हणजे काय हे मुलांना कळत नाही म्हणे. तुमच्या पुस्तकात तिला सगळे बगळी म्हणतात, तेही जाणार. आता ती फ्लेमिंगो काशी! तुम्ही हसताय हे मला इथून दिसतंय.

राहिलं ते पायाचं. काशीचा डावा पाय बारीक. ती एका पायावर भार देऊन उभी राहते, म्हणून तर बगळी. मॅडम म्हणतात, अधू पाय दाखवला की पुस्तक त्या पायाचंच होऊन बसतं आणि आईबाप ते उचलत नाहीत. मी म्हटलं, बाकीची मुलं पतंगामागे पळतात, काशीला पळता येत नाही, म्हणूनच तिला खाडीच्या बांधाची चीर दिसते आणि गाव वाचतं. तर त्या म्हणाल्या, पळता पळताही चीर दिसू शकते.

तुम्ही सांगाल तसं करीन. काशी म्हणजे आपली पुतळाआत्या, हे सगळ्या शिरवण्याला ठाऊक आहे. तेव्हा तिला आधी विचारावं असं वाटतं. मी जाऊ की तुम्ही लिहिताय?

काकूला नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
नमिता


पेण,
२६ नोव्हेंबर २०२४

चि. नमितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी, एकदा तुझ्या काकूला मोठ्यानं, आणि एकदा शेजारच्या दिनानाथला, त्याला नको असताना. माझी काशी परत येणार! अगं, बत्तीस वर्षं शाळेत खडू झिजवला, पण मला आजही कोणी ओळखलं तर काशीवाले गुरुजी म्हणूनच.

हूडी म्हणजे काय ते हितेशनं दाखवलं. टोपी शिवलेलं पोतं आहे ते. घाल बापडे. फ्लेमिंगोही आण. माझ्या वेळी त्या पक्ष्यांना कोणी विचारत नव्हतं, आता त्यांचे दिवस आलेत.

पायाचं म्हणशील, तर तुझ्या हाती पहिलं मोठं काम आलंय, त्यात म्हातारा काका खोडा घालणार नाही. पाय जातो तर जाऊ दे. काशीचं डोकं शाबूत ठेव म्हणजे झालं. कागदावर सही केली आहे.

पुतळाला विचारायचं कशाला? ती आजवर कशाला नाही म्हणाली आहे? पहिलं पुस्तक आलं चौऱ्यांशी साली, तेव्हाही मी तिला आधी काही बोललो नव्हतो. एकदम छापील प्रत हातात ठेवली. इतकी हरखली होती की तोंडातून शब्द फुटेना. तशीच गंमत आताही होऊ दे. प्रकाशनाला तिला पहिल्या रांगेत बसव आणि मग दाखव. मी काही येऊ शकणार नाही, गुडघे ऐकत नाहीत.

जेवणवेळा सांभाळ. आमची आठवण ठेवतेस ती ठेवत जा.

तुझा,
शिवाकाका


करंजाडे,
२७ जानेवारी २०२५

ती. शिवाकाकांस,
सा. न. वि. वि.

पुस्तकाची प्रत वेगळी पाठवली आहे. कागद सुंदर आहे, रंग छान उतरलेत. हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

१८ तारखेला, शनिवारी, नेरूळला एका वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रकाशन झालं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आत्याला काहीच बोलले नव्हते. तिला शिरवण्याहून रिक्षानं घेऊन आले. अबोली रंगाची साडी, केसांत गजरा. येताना तिनं तुमचं जुनं पुस्तक पिशवीत घेतलं होतं. निवृत्त झाली तरी ती आठवड्यातून तीन दिवस गावातल्या बालवाडीत जाते ना, तिथे वाचून वाचून त्याचा पुठ्ठा निखळलाय. मुलं तिचा पाय बघतात, चित्रातला बघतात आणि तिला काशीबाई म्हणतात. रिक्षात ती मला हेच सांगत होती.

पडद्यावर पहिलं चित्र आलं. पिवळी हूडी, लाल बूट, आणि काशी बांधावरून सुसाट पळतेय. आत्या आधी हसली. मग पुढे वाकून बघत राहिली. नंतर मॅडमनी माइकवर सांगितलं की खरी काशी आज आपल्यात आहे, आणि तिला मंचावर बोलावलं. तीन पायऱ्या होत्या. आत्या कठड्याला धरून एकेक चढली. तेवढ्यात पुढे बसलेली एक चिमुरडी मोठ्यानं म्हणाली की ही काशी नाहीये, काशीला तर पळता येतं.

लोक हसले, काका. वाईट मनानं नाही, लहान मुलाला हसतात तसे. आत्याही हसली. त्या मुलीला म्हणाली की बरोबर आहे तुझं, बाळा, मी कोणी दुसरीच. मग पायऱ्या उतरून जागेवर येऊन बसली. त्या दिवसापासून ती बालवाडीत गेलेली नाही. मी दोनदा जाऊन आले. चहा देते, विचारपूस करते, आणि पुस्तकाचं नाव काढलं की उठून आत जाते.

तो पाय सरळ करायला मला दोन मिनिटं लागली होती. स्क्रीनवर एक रेघ पुसली, दुसरी ओढली. ओढताना मला कळत होतं. तुमची सही होती, मॅडमची घाई होती, आणि माझं नाव मुखपृष्ठावर येणार होतं.

तुम्ही तिला लिहा. तुमचं ती ऐकेल.

नमिता


पेण,
३ फेब्रुवारी २०२५

चि. पुतळाबायस,
अनेक आशीर्वाद.

नमितानं सगळं कळवलं. नवं पुस्तक पाहिलं आणि मीच हादरलो. ही कुठली मुलगी? बाजारातली बाहुली आहे. परवानगी मीच दिली, तेव्हा दोष माझाच. पण ते पायाचं काय करून ठेवतील हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मनाला लावून घेऊ नकोस. ही आजची माणसं सगळं गुळगुळीत करून विकतात. माझ्या पुस्तकात तू आहेस तशी आहेस आणि तशीच राहशील. ज्या पायाला लोक हसायचे त्याच पायाला मी गोष्टीत मान मिळवून दिला, एवढं समाधान मला मरेपर्यंत पुरेल. ते कोणी पुसू शकत नाही.

बालवाडी सोडू नकोस. उत्तर लिही.

तुझा,
दादूस


शिरवणे,
१४ फेब्रुवारी २०२५

ती. दादूसला,
पुतळाचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आठवडाभर उशाशी ठेवलं. उत्तर लिहू की नको, हे ठरत नव्हतं. आता लिहिते, आणि रागावून लिहीत नाही हे आधी सांगते.

तू लिहितोस की तू माझ्या पायाला मान मिळवून दिलास. दादूस, तू पुस्तक आणलंस तेव्हा मी वीस वर्षांची होते. तुला वाटलं मी हरखले. मी चित्र बघत होते. एवढा बारीक पाय तू काढला होतास, आणि मी तो सदा साडीखाली झाकून ठेवायची. तू प्रती घरोघर वाटल्यास. आठ दिवसांत पोरं मागून ओरडायला लागली, बगळी आली, बगळी आली. त्याआधी मला कोनी बगळी म्हणत नव्हतं. ते नाव तुझ्या पुस्तकातून आलं.

वहाळच्या हसुरामचं स्थळ तुला आठवत असेल. तुम्हांला सांगितलं गेलं की पत्रिका जुळली नाही. पत्रिका जुळली होती. पायाचं त्यांना आधीच सांगितलं होतं आणि तो कबूल होता. पण पुस्तक त्यांच्या गावात पोचलं, आणि त्याची आई आपल्या आयेला म्हणाली की पाय अधू हाय त्याचं काय नाय, पन पुस्तकान हसं झालेली पोर आमच्या घरान नको. आयेनं मला शपथ घातली की शिवाला कळू द्यायचं नाही, पोरगा किती खूश हाय बघ. मी पाळली. आये गेली त्यालाही एकोणीस वर्षं झाली, म्हणून आज लिहिते.

पुढे बालवाडीत लागले. तिथल्या पोरांना तुझी काशी आवडायची. ती माझा पाय हातानं चाचपून बघायची, दुखतो का विचारायची, आणि मग मांडीवर बसायची. पहिली पाचसहा वर्षं मला ते नको वाटायचं. नंतर सवय झाली. मग हळूहळू मला ती काशी माझी वाटायला लागली. तू दिलेली नाही, माझी मी करून घेतलेली. त्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

आणि आता तुम्ही तो पाय सरळ केलात.

वीस वर्षांची असताना केला असता तर मी देवाला नारळ वाढवला असता. पोरीनं हॉलात म्हटलं ते खरंच हाय, मी ती काशी नाही. पण मग मी आता कोन? तू पाय वाकडा काढलास तेव्हा मला विचारलं नाहीस, आणि सरळ करायला सही केलीस तेव्हाही विचारलं नाहीस. नमूनं तरी मनात आणलं होतं, तूच तिला नको म्हणालास. तिनं मला ते पत्र दाखवलं.

वहिनीला सांभाळ. थंडीत गुडघ्यांना तेल लाव.

तुझी,
पुतळा


पेण,
२० फेब्रुवारी २०२५

चि. नमितास,
आशीर्वाद.

सोबत पुतळाचं पत्र पाठवतो आहे. वाच आणि परत पाठव, मला ते जवळ हवं.

हसुराम पुढे उरणला नोकरीला होता. दोन वेळा भेटला, दोन्ही वेळा त्यानं पुतळाची चौकशी केली. मी म्हटलं, मजेत आहे, आता तर पुस्तकात आहे. हे मी त्याला म्हटलं, नमिता. हसत हसत म्हटलं.

गुडघ्यांचं काय व्हायचं ते होईल. रविवारी हितेशला गाडी काढायला लावून शिरवण्याला जातो आहे.

शिवाकाका


शिरवणे,
४ मार्च २०२५

चि. नमूस,
आत्याचा आशीर्वाद.

तू दुसऱ्या पुस्तकाचं काम परत केलंस हे हितेश सांगत होता. मॅडमनी ते लगेच दुसऱ्या कोनाला दिलं, हेही कळलं. माझ्यासाठी केलंस, पण तेही मला न विचारताच केलंस गं. असो. तुझ्यावर माझा राग नाही. इतकं चांगलं काम होतं तुझं. त्या चित्रातलं खाडीचं पानी किती खरं उतरलंय.

मागच्या रविवारी दादूस येऊन गेला. दोन मजले चढायला त्याला पाऊण तास लागला. धापा टाकत खुर्चीत बसला. मी बोललेलं त्याला ऐकू येत नाही, म्हणून मी बालवाडीची पाटी आणली. तो बोलायचा, मी लिहायची. त्यानं माफी मागितली. मी लिहिलं, झालं ते झालं. त्यानं ते वाचलं, हातानं पुसलं, आणि म्हणाला की असं लिहू नकोस, खरं लिही.

मग त्यानं विचारलं. कंपनीचं जे व्हायचं ते होऊ दे, मी स्वतः नवी वही घेतो, हात थरथरतो पण काढीन, तू सांग काशी कशी काढू. पाय वाकडा काढू, सरळ काढू, परकर की साडी, लहान की आत्ताची. तू सांगशील तशी काढतो. आणि त्यानं खडू माझ्या हातात दिला.

मी पाटी मांडीवर घेऊन बसले. वाटलं, सरळ पाय सांगावा, एकदा तरी. मग वाटलं, आहे तसाच असू दे. मग वाटलं, काढूच नको म्हणावं. नमू, चाळीस वर्षं माझ्या मनात हेच होतं की एकदा मला विचारायला हवं होतं. आणि विचारलं, तर सांगायला माझ्याकडं काही नव्हतं. दादूस माझ्या हाताकडं बघत होता. एवढा मोठा मास्तर, पहिलीतल्या पोरासारखा वाट बघत होता.

शेवटी मी कोरी पाटी बाजूला ठेवली आणि चहा टाकायला उठले.

सोमवारपासून बालवाडीत जाते आहे. गोष्ट वाचत नाही, पोरं आणि मी गाणी म्हणतो.

येत जा अधूनमधून. आत्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
पुतळाआत्या