पिवळ्या कोटातली मुलगी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगं पाठवतो आहे. कंबर आणि डावा गुडघा बसथांब्यावरच्या बाकाने ठेवून घेतले आहेत.) तुझी झोप आता बरी लागते का? भावोजींचा खोकला गेला, की अजून ते खोकूनच हो म्हणतात? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. इतके खुशाल, की दोन महिने तुला चार ओळी लिहायला सवड झाली नाही. त्यावरून लगेच रागावू नकोस. रागावण्यासाठी पुढे ऐसपैस जागा ठेवली आहे.

तुला आठवत असेल, आमची कन्या दोन वर्षांची असताना तुझ्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती गरगर फिरली आणि तिसऱ्या फेरीत भावोजींच्या पायात पडली. तू कौतुकाने तिला भिंगरी म्हणालीस. तुझ्यासाठी ते तिथेच संपलं, पण तुझ्या भावजयीने ते मनावर घेतलं. (तिला लहानपणी बॅले शिकायचा होता, ते राहून गेलं. ती कधी बोलून दाखवत नाही, पण टीव्हीवर बॅले लागला की टेबलाखाली तिचे पाय हलतात.) त्याच वर्षी तिने गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या बॅले-शाळेत भिंगरीचं नाव घातलं. तिथली प्रतीक्षायादी एवढी लांब, की आपला नंबर लागेपर्यंत मुलगी निवृत्त होईल अशी माझी समजूत होती. म्हणून मधल्या काळासाठी कोपऱ्यावरच्या सभागृहातला शनिवार सकाळचा वर्ग धरला. तिथल्या बाई अर्धा वेळ मुलींना ससे करून पळवतात, म्हणून घरात त्यांचं नाव ससेबाई. आणि यंदा, भिंगरी सहा वर्षांची झाली असताना, मोठ्या शाळेचं पत्र आलं. वर्ग शनिवारी दुपारी. शिकवणाऱ्या बाईंच्या तोंडून ‘सरळ!’ याखेरीज दुसरा शब्द निघत नाही, म्हणून त्या सरळबाई. आणि सरळबाईंच्या मुलींना रविवारी सकाळी नाट्यगृहात अंग ताणण्याचा तिसरा वर्ग सक्तीचा. ससेबाईंना आता रामराम करू म्हटलं, तर भिंगरीने जमिनीवर अंग टाकलं. तिची जिवाभावाची मैत्रीण तिथे आहे. ती किडकिडीत, म्हणून तिला सगळे चवळी म्हणतात. तेव्हा तीन वर्ग, दोन दिवस आणि एक मुलगी असा प्रश्न उभा राहिला.

आता हा प्रश्न दुसऱ्या कुणा बापाला पडला असता तर त्याने हात टेकले असते. पण ताई, मी बावीस वर्षं बस आगारात वेळापत्रकं करतो. एकशे चाळीस गाड्या मी एकमेकींना न धडकवता रस्त्यावर ठेवतो; एका मुलीची काय कथा! शुक्रवारी बसून तीन रंगांत तक्ता केला आणि फ्रिजवर डकवला. शनिवार माझा, कारण तुझी भावजय दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे आणि लोकांचे दात शनिवारीच दुखतात. रविवार तिचा. शनिवारी पावणेअकराला ससे संपतात, अकराची बस, बसमध्ये केळं (चार मिनिटं), बूट बदलणं (तीन मिनिटं), रडणं (दोन मिनिटं, ऐच्छिक), पावणेबाराला सरळबाई, सव्वाला सुट्टी, परतीच्या बसने लाँड्रीच्या थांब्यावर उतरून धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं उचलायचं आणि घर. तुझी भावजय म्हणाली, यात तिला खेळायला वेळ कुठे आहे? मी तिला हिरवा चौकोन दाखवला. रविवारी चार ते साडेचार.

पहिला महिना कठीण गेला. भिंगरीबद्दल सरळबाईंचा अभिप्राय ‘उभी असते’ एवढाच होता. रविवारच्या वर्गात ती सतरंजीवर चक्क झोपायची. (तिथल्या बाईंनी मात्र मुलगी फार छान सैल सोडते म्हणून लिहून दिलं.) आणि मग काय चमत्कार झाला कोण जाणे, शनिवारचं गाडं एकदम रुळावर आलं. रडणं बंद. ज्या पोरीने जन्मात केळ्याला तोंड लावलं नाही ती दोन-दोन केळी मुकाट्याने खाऊ लागली. सरळबाईंनी त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्याला ‘बरी’ आणि चौथ्याला ‘फार बरी’ असं लिहिलं. घरातही शांतता. मला माझे शर्ट इस्त्री करून कपाटात मिळू लागले. आमच्यात इस्त्री हा जुना भांडणाचा विषय. मी मनात म्हटलं, बिचारी दिवसभर राबून हेही करते, आणि तिला न सांगता भांडी घासायला लागलो. तिनेही मला विचारल्याशिवाय दोनदा चहा दिला. हे सगळं माझ्या तक्त्याचं यश आहे असं मी आगारात चार जणांना ऐकवलं. एकाने तर तक्त्याची नक्कल मागून नेली.

गेल्याच्या गेल्या शनिवारी सरळबाईंच्या शाळेत पालकांनी वर्ग बघण्याचा दिवस होता. काचेमागे आम्ही वीसेक जण नाकं लावून उभे. आत सोळा मुली, सोळा अंबाडे. मी आपली भिंगरी शोधू लागलो. पहिल्या रांगेत नाही, दुसऱ्या रांगेत नाही. तेवढ्यात एक मुलगी एकटी पुढे आली आणि नाचू लागली. ताई, मला त्यातलं काही कळत नाही. पण ती हात वर न्यायची तेव्हा आपलाही श्वास वर जायचा आणि ती खाली आणेपर्यंत सोडावासा वाटायचा नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला सांगू. आणि डोळे पुसून नीट बघतो तर ती चवळी! तिने वळता वळता मला पाहिलं, पाय जराही न चुकवता ओठांवर बोट ठेवलं आणि पुन्हा वळली.

दाराशी खुंटीवर टांगलेला पिवळा कोट भिंगरीचा, आणि त्या पिवळ्या कोटाला मी स्वतः बसमधून आणलं होतं! पाच शनिवार आणत होतो! टोपी नाकापर्यंत, गळपट्टा हनुवटीपर्यंत, बोलायचं नाही कारण केळं खायचं. आणि मी? मी पुढच्या बाकावर बसून ड्रायव्हरच्या डोक्यावरचं घड्याळ बघत होतो. पाचही शनिवारी अकराची बस किती मिनिटं उशिरा होती ते मी तुला आत्ता सांगू शकतो. शेजारी मुलगी कुणाची होती ते नाही.

इतक्यात सरळबाई बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, की वर्षअखेरीच्या कार्यक्रमात काजव्याचा चाळीस सेकंदांचा एकटीचा नाच आहे, तो तुमची मुलगी करणार. लोकांनी माझे हात हातात घेतले. इथेच ‘बाई, ही माझी नव्हे’ एवढे चार शब्द बोलायचे होते. मी म्हणालो, आभारी आहे.

पण मला गप्प बसवलं ते शाळेच्या नियमपुस्तिकेने. (लोक कादंबऱ्या वाचतात तसा मी नियम वाचतो.) नियम नववा: एकीची जागा दुसरीला देता येणार नाही, रिकामी झालेली जागा यादीतल्या पहिल्या क्रमांकाला. यादीत एकेचाळीस मुली. म्हणजे मी खरं बोललो की चवळी त्याच क्षणी दाराबाहेर, आणि पुन्हा आत यायची तेव्हा दहा वर्षांची होऊन. आणि खोटं बोललो, तर त्या पोरीने जन्मातला पहिला नाच माझ्या मुलीच्या नावावर करायचा.

परतताना बसमध्ये मी पहिल्यांदाच घड्याळाकडे पाठ करून बसलो. चवळीने सगळं सांगितलं. अदलाबदल सभागृहाच्या कपडे बदलायच्या खोलीत व्हायची, जिथे बापांना मज्जाव. चवळीची आजी लाँड्रीत इस्त्री करते; ती सभागृहातून चवळीच्या निळ्या कोटातली भिंगरी घेऊन जायची. परतताना गाठोडं आणायला पिवळा कोट आत पळायचा आणि गाठोडं घेऊन बाहेर यायचा तोवर त्यातली मुलगी बदललेली असायची. मी थांब्यावर उभा राहून पुढच्या गाडीची वाट बघत असायचो. वाफेने धुरकटलेल्या काचेमागून एक बाई मला दर शनिवारी हात जोडायच्या. मला वाटायचं, हात पुसताहेत.

त्या दिवशी मी आत गेलो. भिंगरी टोपल्यांच्या मधोमध मोज्यांच्या डोंगरावर बसून जोड्या लावत होती आणि मोठमोठ्याने गात होती. तिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं, हिरव्या चौकोनातसुद्धा नाही. मी ओरडायला तोंड उघडलं, तर आजी इस्त्री बाजूला ठेवून पुढे आल्या. त्या म्हणाल्या, “तुमच्यासारखा माणूस बघितला नाही हो. स्वतःच्या मुलीची जागा दिलीत माझ्या नातीला. तुमची भिंगरी म्हणाली, बाबांनीच ठरवलंय. मला दुसरं काय देता येणार? म्हणून तुमच्या घरचे कपडे मी इस्त्री करून देते, आणि भिंगरी ते घरी कपाटात लावते.” ताई, आता तूच सांग. त्या डोळे पुसत होत्या, चवळी माझ्याकडे बघत होती, भिंगरी मोज्यांमागे लपली होती. मी म्हणालो, “त्यात काय एवढं!” दिवसातलं दुसरं खोटं.

घरी आल्यावर भिंगरीला समोर बसवलं. ती म्हणाली, “मला वळायला नाही आवडत. चक्कर येते. चवळीला आवडतं आणि तिची आजी शनिवारी कामावर असते, मग तिला तिकडे कोण नेणार? आणि तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, तक्त्यात बसत नाही.” मी हेच म्हणालो असतो.

तुझ्या भावजयीला सांगायचं धैर्य गोळा करायला मला रविवारचा अख्खा दिवस लागला. तिच्या मनातलं तुला माहीत आहे. मी एका दमात सगळं सांगितलं आणि आता रडेल, आता रडेल म्हणून थांबलो. तिने कपाट उघडून माझ्या शर्टांच्या घड्या पाहिल्या. मग म्हणाली, “म्हणजे इस्त्री तू करत नव्हतास?” मी म्हणालो, मला वाटलं तू करतेस. ती म्हणाली, “आणि मी त्या इस्त्रीवर तुला दोन वेळा चहा दिला!” यावर आम्ही इतके हसलो, की भिंगरी अंथरुणातून उठून आली. हसता हसताच तुझ्या भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती भिंगरीला जवळ घेऊन म्हणाली, की शिकायचं मला होतं, आणि वळायला लावलं तुला. मग तिने फ्रिजवरचा तक्ता काढला आणि ‘चवळीची जागा जाऊ द्यायची नाही’ असं त्याच्या पाठीवर लिहून परत लावला.

परवा आम्ही पाचही जण सरळबाईंकडे गेलो. मी तयारीनिशी होतो. आगारात गाडी बंद पडली की बदली गाडी त्याच नंबरावर धावते आणि फेरी रद्द धरत नाहीत, या मुद्द्यावर चार पानं आणि एक नकाशा. सरळबाईंनी पहिल्या पानालाच हात वर केला. मग म्हणाल्या, की मी गुडघ्यांच्या वर फारसं बघत नाही. पाय बदलले हे मला पहिल्याच शनिवारी दिसलं होतं, पण मुली एका आठवड्यात बदलतात असं मी पालकांना इतकी वर्षं सांगत आले, की आपलं म्हणणं एकदाचं खरं ठरलं याचाच मला आनंद झाला. चवळीच्या आजी खाली मान घालून उभ्या होत्या; त्यांना आत्ता कळत होतं, की मी काही ठरवलं नव्हतं. मी घाबरत घाबरत नियम नववा आणि एकेचाळीस मुलींची यादी काढली. (मला गप्प बसता येत नाही.) सरळबाईंनी हजेरीपट पुढे ओढला. “यादी दाराबाहेरच्यांसाठी असते. ही आत आहे,” असं म्हणून त्यांनी भिंगरीच्या नावावर रेघ मारली आणि चवळीला पूर्ण नाव विचारलं. चवळीने ते इतक्या हळू सांगितलं की बाई म्हणाल्या, “सरळ!” मग ती ताठ उभी राहिली आणि मोठ्याने सांगितलं.

बाहेर आल्यावर मी आजींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “ठरवलं नसेल, पण आज आलात ना?” आता भिंगरीचा एकच वर्ग उरला, सशांचा. चवळीला शनिवारी मोठ्या शाळेत मीच नेणार आहे. तक्त्यात रविवार पूर्ण रिकामा पडला आहे आणि दोन रंग शिल्लक आहेत. चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
वेळेवर असूनही उशिरा कळणारा
धाकटा

ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहितो. काजव्याला झगा लागतो. शाळेने नमुना दिला आहे, तो सोबत जोडला आहे, आणि आपल्या सगळ्या खानदानात शिवणयंत्र चालवता येणारी तू एकटी. मापं मागच्या पानावर आहेत. ती भिंगरीची नव्हेत, चवळीची आहेत; बाही दोन बोटं लांब, कंबर बरीच कमी. वीस दिवस आहेत.

ता. क. २ : तू नाही म्हणशील याची मला धास्ती होती, म्हणून चवळीच्या आजींना मी कालच सांगून टाकलं, की ताईने आपणहून शिवायला घेतला आहे. त्यांनी तुझे फार आभार मानले. मी ते तुझ्या वतीने स्वीकारले. (आता राग. जागा इथेच ठेवली होती.)

ता. क. ३ : भिंगरी शेजारी उभी राहून लिहायला लावते आहे. आत्या, झग्याला आतून एक खिसा ठेव, कुणाला दिसणार नाही असा. नाचायच्या आधी चवळीला भीती वाटते, तेव्हा ती भिंगरीचा हात धरते. त्या दिवशी भिंगरी तुझ्याशेजारी प्रेक्षकांत बसणार आहे. म्हणून ती आपला लाल हातमोजा खिशात ठेवायला देणार आहे, डाव्या हाताचा.