आत्याच्या उंबऱ्यावरची दुपार

मावशी, तिची मुलगी आता माझ्याकडं राहते. तिची म्हणजे, आपल्या बालगृहात जी माझ्या शेजारच्या अंथरुणावर झोपायची आणि जिच्याशिवाय मी आंघोळीच्या रांगेतसुद्धा उभी राहायचे नाही, तिची. पोरीला इथं डिप्लोमाला प्रवेश मिळाला, तेव्हा हिनं मला विचारलं नाही, सांगितलं. "हॉस्टेलात ठेवणार न्हाय. आपण दोघींनी काढलं तेवढं बास. तुझ्याकडं ठेवते." कसबा बावड्यात माझ्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत. दिवसभर शिरोलीच्या फौंड्रीत कास्टिंग तपासायचं, संध्याकाळी येऊन उभ्यानंच चहा प्यायचा, एवढाच माझा संसार. पोरगी आल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. ती घरात असली की वाटतं, तिच्यासाठी काहीतरी करायचं राहिलंय; ती बाहेर पडली की मी दार उघडून रस्त्याकडं बघत राहते. गेल्या आठवड्यात तिला यायला उशीर झाला, फोन लागेना, तर मी थांब्यावर जाऊन उभी राहिले आणि ती बसमधून उतरल्या उतरल्या चारचौघांत तिच्यावर ओरडले. आवाज थेट तुमचा होता. माझी मीच दचकले. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे. तुम्हाला जाऊन किती काळ लोटला, पण हे बोलायचं तर तुमच्याशीच. त्या दुपारी तिच्यासाठी गेलो होतो ते आपण दोघीच.

तुम्ही आमच्या अधीक्षक, पण स्वयंपाकीण आली नाही की पदर खोचून भाकऱ्या थापायला बसायचात. तिची आत्या आली तेव्हाही तुमचे हात पिठातच होते. आम्ही सहावीत. सीमेकडच्या कुठल्या गावातून ती बाई शोधत आली होती. आल्या आल्या तिनं हिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि म्हणाली, "अगं बया, नाक बघा की! माझ्या भावाचंच हाय." त्या दिवशी ही सारखी नाकाला हात लावत होती. आपल्या तोंडावर कुणाचं तरी काही आहे, हे आम्हा दोघींनाही कधी सुचलं नव्हतं. वरच्या साहेबांची परवानगी आधीच झालेली, त्यामुळं दुसऱ्या दिवशी ती गेली. फाटकातून जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. मी जेवले नाही, तर तुम्ही ताट माझ्यापुढं आपटलंत. "अन्नावर राग काढायचा न्हाय. मेली न्हाय ती. तिच्या घरी गेलीया."

महिना-दीड महिना झाला असेल. त्या गावाकडून येणाऱ्या कुणीतरी तुम्हाला सांगितलं, पोरगी शाळेत दिसत नाही, म्हशींमागं दिसते. तुम्ही रजा टाकलीत आणि मला म्हणालात, "चल." मला का नेलंत, हे मी कधी विचारलं नाही. एसटीत मी खिडकीशी बसलेय, दोन्ही बाजूंना ऊस, आणि मनात एकच, संध्याकाळी आपण तिघी परत येणार. मी तिच्यासाठी माझ्या शेजारची जागा झाडून ठेवून आले होते.

आत्या दारातच भेटली. "बसा की अक्का, आत या. पाणी घ्या." तुम्ही आत गेला नाहीत. चपला काढल्यात आणि उंबऱ्यावरच बसलात. "पाणी पोरीच्या हातचं पिणार. पोरगी कुठाय?" ती गोठ्यातून आली. हात शेणानं भरलेले, केसांत काडी, अंगावर आपल्याकडचाच झगा. मला बघून हसली. तुम्ही म्हणालात, "हात धू. कपडे घे. जायचं आपल्याला." ती जागची हलली नाही. मी तिचा हात धरून ओढला, तर तिनं तो सोडवून घेतला. "मी येत न्हाय," ती म्हणाली. "हे माझं घर हाय."

मावशी, तेव्हाचा तुमचा चेहरा मला अजून दिसतो. मला वाटलं, तुम्ही तिला झोडपणार. तुम्ही तिला जवळ बोलावलंत, केसांतली काडी काढलीत आणि विचारलंत, "मारतात का?" "कधीमधी." "जेवायला?" "हाय की, पोटभर." "मग शाळा?" तिनं मान खाली घातली. तेव्हा तुम्ही आत्याकडं वळलात. "पोरगी तुमची. न्हेत न्हाय मी. पण शाळंत घालतो म्हणा, त्याबिगर उठत न्हाय." आत्या आधी हसली, मग चिडली, मग तिनं नवऱ्याला बोलावलं. गल्ली गोळा झाली. म्हशी येऊन दारात खोळंबल्या, गोठ्याची वाट त्याच उंबऱ्यावरून. शेवटी तिचा नवरा वैतागून म्हणाला, "अवो बाई, घालतो. सोमवारपासनं घालतो. उठा आता." "तिच्या डोक्यावर हात ठिवून म्हणा." त्यानं हात ठेवला. मग तुम्ही पाणी प्यालात.

परतीच्या गाडीत मी तुम्हाला विचारलं, "माझी आत्या कधी यायची?" तुम्ही समोर बघत होतात. "न्हाय यायची. तुझं कोण न्हाय. खोटं सांगून काय करू?" त्या वेळी मला वाटलं, खोटं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं. मग तुम्ही मला जवळ ओढलंत, इतकं घट्ट की श्वास कोंडला, आणि कोल्हापूर येईपर्यंत सोडलं नाहीत. मी कितीतरी वर्षं फक्त ते वाक्य लक्षात ठेवलं. खोल्या बदलल्या, कुठंही भिंतीला खिळा ठोकला नाही. आत्ता कुठं मला तो हात आठवायला लागलाय.

पोरीला माझ्याकडं सोडायला ती आली तेव्हा मी तिला विचारलंच, तुला तिथं ठेवून आपल्या मावशीनं बरोबर केलं का गं? ती भाजी निवडत होती. "आत्यानं राबवलं. दहावीपत्तूर शिकवलंबी. गावात भांडण झालं की लोक माझ्या बापाचं नाव घेऊन शिव्या द्यायची, मला त्याचंबी बरं वाटायचं." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू हात ओढलास ना, तवा आले असते बघ. थोडक्यात ऱ्हायले." मावशी, त्या रात्रीपासून मला झोप नाही. मी आणखी एकदा ओढायला हवं होतं, की एकदाच ओढला हेच बरं झालं? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, गप जेव.

काल तिचा फोन आला. गावची यात्रा आहे, पोरीला घेऊन ये, आत्या थकलीय, तुला बघायचं म्हणते. मी सांगितलं, कंपनीत सुट्टी नाही. पोरगी ऐकत होती. त्या दारात कुणी "आलीस व्हय गं" म्हटलं तर उत्तर काय द्यायचं, ते मला येत नाही. पण यात्रेची तारीख पोरीकडून आधीच कळली होती, सुट्टी मी परवाच मागून घेतलीय. अजून कुणाला सांगितलेलं नाही.