कोसमटोल्याचे ग्राउंड माझ्यामागे

लिहून ठेवणार : नंदलाल उदाराम रहांगडाले, वय ७३, धंदा शेती, पूर्वी गावच्या टपाल कार्यालयात डाकपाल, राहणार मौजा कोसमटोला, दवनीवाड्याजवळ, तालुका व जिल्हा गोंदिया.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. गोंदियाच्या वकिलांनी मला एक नमुना दिला होता. त्यात "कोणाच्याही दबावाखाली न येता" असे छापील वाक्य आहे. ते मी गाळले, कारण ते खोटे ठरले असते. दबाव आहे. मात्र तो हे लिहावे म्हणून नाही, लिहू नये म्हणून आहे. मी घाबरलेलो आहे हेही इथेच नोंदवतो, म्हणजे अक्षर वाकडेतिकडे दिसले तर कोणी मला वेडा ठरवू नये.

१. माझी पत्नी चमेली देवाघरी गेली. आम्हाला मूलबाळ नाही. थोरले भाऊ वारले, त्यांचा मुलगा धनेंद्र हा माझा एकटाच वारस. मी काही न लिहिता डोळे मिटले तर घर, शेत आणि ग्राउंड आपोआप त्याचे होते. हे त्याला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक आहे.

२. वडिलोपार्जित धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, आणि राहते घर मी धनेंद्रलाच देतो. रागावलो असलो तरी तो आमच्या घरचा मुलगा आहे. लहानपणी त्याला खांद्यावर बसवून मी मॅच दाखवल्या आहेत. गोल झाला की तो माझे कान ओढायचा. घराची विहीरही घरासोबत त्याचीच. त्या विहिरीबद्दल पुढे लिहिले आहे.

३. आता ग्राउंड. गावच्या रस्त्याला लागून असलेली ही जागा मी नोकरीत असताना स्वतःच्या कमाईतून घेतली, ती वडिलोपार्जित नाही. तेव्हा तिथे धानाच्या बांध्या होत्या. मधले धुरे, म्हणजे मातीचे बांध, फोडून, माती ओढून आम्ही मैदान केले. आम्ही म्हणजे मी, माझा मित्र सेवकराम मेश्राम आणि आमच्या नवयुवक फुटबॉल मंडळाची पोरे. एक धुरा नीट बसलाच नाही. मैदानाच्या मधोमध अजून उंचवटा आहे. त्यावर चेंडू कसा उसळतो हे आमच्या पोरांना माहीत होते, बाहेरच्यांना नव्हते. आमच्या निम्म्या विजयांचे श्रेय त्या धुऱ्याला आहे, हे मेल्यावर सांगायला हरकत नाही.

मी स्वतः कधी खेळलो नाही. चेंडूची भीती वाटायची. म्हणून रेफरी झालो. मग कळले की रेफरीच्या अंगावर चेंडू येत नाही, माणसे येतात. सेवकराम गोलकीपर होता. लोक माझ्यावर धावून आले की तो गोल सोडून मध्ये उभा राहायचा. एकदा त्याच्या पाठीमागे लपूनच मी अंतिम सामन्याची शिटी वाजवली आहे.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तीत आमची टुर्नामेंट व्हायची. बालाघाटहून, राजनांदगावहून संघ यायचे. रात्री दंडारीची नाचगाणी, दिवसा फुटबॉल. आता मंडई भरते, पण संघ येत नाहीत. आमची पोरे तिरोड्याच्या वीज प्लांटवर ठेकेदाराकडे लागली, काही हैदराबादला गेली, राहिलेली क्रिकेट खेळतात. मागच्या वर्षी आमच्या संघात अकरावा गडी मिळेना, तेव्हा दुकान बंद करून किराणावाल्याला उभे केले. तो चप्पल घालून खेळला.

४. अशा मंडळाने स्टेडियम बांधावे का, हा प्रश्न आहे. धनेंद्र मंडळाचा अध्यक्ष आहे. तो म्हणतो, बांधावे. त्याने नकाशा काढून आणला आहे. चारही बाजूंनी भिंत, पायऱ्यांची गॅलरी, मोठे फाटक आणि रस्त्याकडेला दुकानांचे गाळे. गॅलरीत अख्खे गाव बसून वर शेजारचे गावही मावेल.

मी विचारले, "खेळणार कोण?"

तो म्हणाला, "काकाजी, पयले स्टेडियम बनू द्या. पोट्टे आपोआप येतेत."

"आणि नाहीच आले तर?"

"तं गाळे हायेत न."

त्याचे सगळेच म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. उघड्या मैदानावर आता बाहेरचा संघ येत नाही, हे खरे आहे. पण भिंत झाली की फाटक आले, फाटक आले की कुलूप आले, आणि किल्ली कोणाच्या कमरेला लटकेल हे सांगायला नको. सेवकरामच्या वस्तीतली पोरे आज आडवी येऊन थेट मैदानात उतरतात. उद्या त्यांना फाटकाशी उभे राहून विचारावे लागेल. मला त्या भिंतीची धास्ती बसली. माझे उत्तर नाही असे होते. पण मी ते धनेंद्रच्या तोंडावर कधीच दिले नाही. समोर बसलेल्या माणसाला हो म्हणून वेळ मारून न्यायची, ही माझी जन्माची सवय. धनेंद्रला मी "पाहू" म्हणत राहिलो.

५. पाहू पाहू म्हणता तो रोज येऊ लागला. मोटारसायकल दारात आडवी लावतो, बक्षीसपत्राचा कागद बाजेवर ठेवतो आणि बसतो. आवाज चढवत नाही. चढवला असता तर बरे झाले असते. पोळ्याच्या आसपास एकदा निघताना म्हणाला, "काकाजी, तुमी एकटेच विहिरीवर जाता. शेवाळ हाये तेथं. पाय घसरला तं कोनाले मालूम बी नाही पडनार."

ही काळजी होती की धमकी, मला अजून कळलेले नाही. त्या दिवसापासून मी उजेडातच पाणी भरतो, तेही रस्त्यावर कोणी दिसले तर. दोर ओढताना पाठीमागे पाहतो. मोटारसायकलचा आवाज आला की दोर सोडून रस्त्यावर येतो. त्याची बायको योगेश्वरी डब्यात भाजी पाठवते. चांगली बाई आहे, भाजीही चांगली असते, पण घास घेण्याआधी मी आता थोडी कुत्र्याला टाकतो. लिहिताना मला शरम वाटते. सुनेच्या हातच्या भाजीवर शंका घ्यावी असे म्हातारपण मला नको होते.

म्हणून हे मृत्युपत्र लपवून ठेवू नये. सही होताच याच्या झेरॉक्स ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि दवनीवाड्याच्या बाजारात लावाव्यात. माझ्या मरण्याने ग्राउंड मिळणार नाही, हे सगळ्यांना आणि विशेषतः एकाला वेळेत कळावे.

६. इथपर्यंत माझा विचार पक्का होता. स्टेडियम नाही, भिंत नाही, मैदान जसे आहे तसे राहू द्यावे. मग रिंकी आली.

रिंकी ही धनेंद्रचीच मुलगी, अकरावीत आहे. दोन वर्षांपासून मैदानावर मुलींचा संघ खेळतो. सेवकरामची पुतणी मोनाली शाळेत खेळ शिकवते, तिने तो उभा केला. ऑक्टोबरच्या उन्हात सराव चालू असताना एक मुलगी चक्कर येऊन पडली. मी मोहाच्या झाडाखाली बाजेवर होतो. तांब्या घेऊन लंगडत गेलो. ती ओठ ओले करी, पण गिळेना. मी ओरडलो, "पाणी पी ना पोरी, कायले हट्ट करतेस?"

रिंकी म्हणाली, "आजा, ते नाही पेनार. आमी कोनीच नाही पेत. सकारपासून."

"काऊन?"

"पानी पेलं का जावं लागते. जावाचं कोठं? चारी बाजूनं उघडं हाये. झाडामागं गेलो तं पोट्टे मोबाइल काढून उभे राहतेत."

मी तांब्या खाली ठेवला. ती पुढे म्हणाली, "तुमी म्हनता भिंत नाही पायजे. आमाले पायजे न, आजा."

मी म्हणालो, "तुझ्या बाबाच्या नकाशात भिंत आहे. मग त्यालाच देऊन टाकू का जागा?"

ती हसली नाही. "बाबाचा नकाशा मी पायला. मुतारी हाये त्यात. मानसायची."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी एका भिंतीला भीत होतो आणि माझ्याच मैदानावर या मुली भिंत नाही म्हणून भीत होत्या. माझ्या भीतीला नाव होते, वकील होता, कागद होता. त्यांच्या भीतीला पाणी न पिण्यापलीकडे काही उपाय नव्हता. मला फार वाईट वाटले आणि स्वतःचा रागही आला.

७. म्हणून ग्राउंडची व्यवस्था अशी. ही जागा मी मोनाली मेश्राम आणि, सज्ञान झाल्यावर, रिंकी धनेंद्र रहांगडाले या दोघींच्या स्वाधीन करतो. ती त्यांनी खेळासाठी सांभाळावी. विकू नये, गहाण ठेवू नये, गाळे काढू नयेत. गॅलरी बांधू नये. मैदानाभोवती भिंत घालू नये. तिथे एक पक्की खोली बांधावी. आत संडास, नळ, कपडे बदलायला जागा. दाराला कडी आतून असावी. बाहेरून कुलूप लावायची सोयच ठेवू नये.

पुढे कधी मुलामुलींचे दोन संघ उभे राहिले आणि त्यांना स्टेडियम हवेसे वाटले, तर तेव्हाच्या खेळणाऱ्यांनी ठरवावे. मेलेल्या माणसाने त्यात शिटी वाजवू नये.

८. किरकोळ. सायकल पोस्टमनला. रेडिओ योगेश्वरीला, आणि भाजीबद्दल तिची माफी. शिटी मोनालीला. शेजारच्या गावचे हिरालाल पटले इतकी वर्षे म्हणत आले आहेत की मी मंडईच्या फायनलला चुकीची पेनल्टी दिली. त्यांना मी काही देत नाही. फक्त पुन्हा एकदा सांगतो, हात लागला होता. मी जवळ होतो, ते झाडावर होते.

सेवकरामला मी काहीही देत नाही. मनात फार होते. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणाले, आणि साक्षीला उभे करावे असे दुसरे कोणी मला सुचेना. हे त्याला सांगितले तर म्हणाला, "मले काय पायजे गा? तुले भेव लागून राहिलं का?"

मी म्हणालो, "लागते."

"तं भेत भेत लिह. पन लिह."

९. मला सही येते. आयुष्यभर मनिऑर्डरीवर सह्या केल्या. यानंतरच्या तारखेच्या कोणत्याही कागदावर माझा अंगठा आढळला, तर हात माझा असेल, इच्छा माझी नाही. तसेच मी अंथरुणात मेलो तर रडून मोकळे व्हावे. दुसरीकडे कुठे मेलो, विशेषतः पाण्यात, तर पोलीस पाटील आल्याशिवाय मला उचलू नये. धनेंद्रच्या मनात तसे काही नसेल तर हे वाचून त्याला फार लागेल. तसे लागले तर बेटा, मला माफ कर. मी भित्रा होतो, तुला माहीतच आहे.

१०. हे लिहून झाल्यावर वकिलांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "छान. तुमच्या मृत्यूनंतर लगेच अमलात येईल." तेव्हा माझ्या लक्षात आले की खोलीसाठी त्या मुलींना माझ्या मरणाची वाट पाहावी लागणार. माझे मरण मोजत बसणारा घरात एक आहे, तेवढा पुरे. रिंकीला मी त्या रांगेत उभी करणार नाही. सबब मी जिवंत असतानाच खोलीचे काम काढत आहे. उद्या सकाळी पाया आखायचा आहे. विटा आल्या आहेत. खोली पूर्ण झाली तर कलम ७ मधला तेवढा भाग रद्द समजावा. नाही झाली, तर का नाही झाली ते गावाने विचारावे.

हे सर्व मी वाचले, समजलो आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

नंदलाल उदाराम रहांगडाले
(सही)

ठिकाण : कोसमटोला
दिनांक : १८ नोव्हेंबर २०१३

साक्षीदार १ : सेवकराम मेश्राम, राहणार कोसमटोला. नंदलालने माझ्यासमोर सही केली. अर्धे नाव लिहून झाले तेव्हा धनेंद्र दारात येऊन उभा राहिला. नंदलालने वर पाहिले. हात थांबला. मग त्याने उरलेले नाव लिहिले.
(सही)

साक्षीदार २ : कलाबाई सेवकराम मेश्राम, राहणार सदर. वरील खरे आहे. धनेंद्रभाऊ अजून दारातच उभे आहेत. मी आणि माझे यजमान आज येथेच मुक्कामाला राहत आहोत.
(सही)