मामाचा डेस्कटॉप, पुसू नये

मी, शेखर मोतीराम मापारी, वय ६१ वर्षे, धंदा अर्ज व दस्त लिहिणे, राहणार सुलतानपूर, तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवतो. २०१९ साली अर्धांगवायूने माझा उजवा हात गेला. डोके जागेवर आहे. इतरांची मृत्युपत्रे तीस वर्षे लिहिली, त्यात स्वतःचे राहून गेले.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नी गीताबाई हिला मिळावी. पुढे काय करायचे ते तिने ठरवावे. मी सुचवलेले ती ऐकत नाही.

२. माझा टाइपरायटर धाकटा भाऊ गजेंद्र याने मी दवाखान्यात असताना नेला. "आता तुले हा काय कामाचा?" असे तो म्हणाला होता. तो त्याच्याकडेच राहो. त्याचे झाकण माझ्या कपाटात आहे, तेही त्याला द्यावे. सहा वर्षे मी मुद्दाम दिले नव्हते.

३. दुकानातील संगणक आणि निळा पेनड्राइव्ह यांबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

हात गेल्यावर भाची प्रतीक्षा हिने माझा संगणक एका हाताने चालेल असा करून दिला. अक्षरे मोठी केली. शिफ्टची कळ एकदा दाबून सोडली तरी पुढच्या अक्षरापर्यंत लागू राहील, अशी सोय केली. या साऱ्या सेटिंगची एक फाईल पेनड्राइव्हवर ठेवून वर चिठ्ठी चिकटवली: "मामाचा डेस्कटॉप, पुसू नये." दोन वर्षांनी तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केले. मी लग्नाला गेलो नाही आणि बोलणेही टाकले.

२०२३ मध्ये जुनी डिस्क बंद पडली. नवी बसवल्यावर संगणक कोरा झाला. दहा दिवस मी दुकान उघडले नाही. शेवटी गीताबाईने जळगाव जामोदला प्रतीक्षाकडे फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "किती दिवस तोंड पाडून बसता? बोला तिच्याशी."

प्रतीक्षाने दुसरे काहीच विचारले नाही. फाईल पेनड्राइव्हवरून संगणकात घ्यायला लावली, संगणकाला लेखी आज्ञा द्यायची काळी खिडकी उघडायला लावली आणि एकेक अक्षर सांगू लागली. "डीकॉन्फ लिहा मामा. जागा सोडा. लोड. जागा सोडा. तिरपी रेघ. आता डावीकडं टोक असलेला कोन."

त्या कोनाला शिफ्ट धरून ठेवावी लागते. ती गीताबाईने धरली, मी दुसरी कळ दाबली. मग फाईलचे नाव लिहून एंटर मारले.

"काहीच नाही आलं बाई."

"काही नाही आलं म्हणजे झालं, मामा. चुकलं असतं तर त्यानं सांगितलं असतं."

तोवर पडद्यावरची अक्षरे मोठी झालीच होती. मी म्हणालो, "प्रतीक्षा, तुझ्या लग्नाले नाही आलो मी."

"माहीत हाय मले. शिफ्ट दाबून पाहा आता."

पुढच्या रविवारी आम्ही दोघे जळगाव जामोदला गेलो. जावई हरिओम स्टँडवर घ्यायला आला होता. त्याच्याविषयी मी पूर्वी जे बोललो ते चूक होते, हे येथे लेखी देतो.

४. सबब, माझ्या आईचे चांदीचे कडे, जे लग्नात द्यायचे राहिले, ते प्रतीक्षाला द्यावे.

५. दुकान, संगणक व पेनड्राइव्ह श्रीमती मलिहा शेख, वय ३८, यांना मिळावेत. मळणी यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची बोटे गेली. दाखल्याचा अर्ज लिहून घ्यायला आल्या आणि माझा एका हाताचा कारभार पाहून म्हणाल्या, "चाचा, मले शिकवता का?" दुसऱ्या संगणकावर हीच फाईल चढवली, तीच आज्ञा त्यांनी स्वतः लिहिली. आता त्या माझ्याहून वेगाने अर्ज लिहितात. फक्त माझा हिरवा पडदा बदलून त्यांनी गुलाबी केला, त्यास माझी हरकत कायम आहे.

६. हे मृत्युपत्र आज गीताबाईला वाचून दाखवले. ऐकून ती म्हणाली, "बरं झालं, लिहून मोकळे झाले. उद्या बीबी गावच्या बचत गटाचे बारा अर्ज हायत. सकाळी नऊले दुकान उघडा."

उघडणार आहे.

ठिकाण: सुलतानपूर
दिनांक: ६ मार्च २०२५

लिहून ठेवणार: शेखर मोतीराम मापारी (सही, डाव्या हाताची)

आमच्या समक्ष सही केली:
१. अजहर खान मेहबूब खान, संगणक दुरुस्ती, सुलतानपूर (सही)
२. करिष्मा वायाळ, शिक्षिका, बीबी (सही)